यातला माझा खरा आकडा कोणता?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असा तपशील वगळून) : एका ५१ वर्षांच्या वाचक भगिनींचा रक्तदाब नेहमीच्या आरोग्य तपासणीत १५२/९६ निघाला. डॉक्टरांनी लगेच गोळी दिली नाही. घरी मोजा आणि तीन आठवड्यांनी नोंदी घेऊन या, एवढंच सांगितलं. त्यांनी दंडाला पट्टा बांधायचं मशीन आणलं. तेव्हापासून त्या दिवसातून सात-आठ वेळा बीपी मोजतात, कधी रात्री दोन वाजता उठूनही. आकडा कधी ११६/७४ येतो, कधी १५८/९८. त्याच मशीनवर नवऱ्याचं बीपी १२२/७८ आलं, तरी ‘हे मशीनच खराब आहे’ असं त्याचं म्हणणं. धाकटी बहीण म्हणते, गोळीच्या नादी लागू नकोस, एकदा सुरू झाली की जन्माची मागे लागते. त्यांना स्वतःला डोकेदुखी नाही, चक्कर नाही. गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळी मात्र बहुतेक दिवस घ्यावी लागते. वडिलांना ६३व्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता, त्याची धास्ती मनात घर करून आहे. त्या विचारतात : यातला माझा खरा आकडा कोणता? आणि खालचा आकडा ९०च्या वर गेला की जास्त धोका, हे खरं का?

ताई,

पत्रासोबत वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत, फार बरं केलंत. आकड्यांपेक्षा मला त्यांच्या शेजारी तुम्ही लिहिलेले शेरे जास्त उपयोगी पडले. १५८/९८च्या पुढे ‘जिना चढून आले, लगेच’. १५४/९४च्या पुढे ‘फोनवर वाद झाला’. ११६/७४च्या पुढे ‘दुपारी झोपून उठले’. इतकं प्रामाणिकपणे लिहिणारे पेशंट फारसे भेटत नाहीत. बहुतेक जण नकोसा आकडा आला की पुन्हा मोजतात आणि मनासारखा येईल तोच वहीत उतरवतात.

तुमच्या पहिल्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. खरा आकडा एकच असणार आणि बाकीचे चुकीचे. पण रक्तदाब उंचीसारखा नसतो, की एकदा मोजला आणि झालं. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं आणि दर ठोक्याला दाब थोडा वेगळा असतो. तुम्ही आठ वेळा मोजता म्हणजे त्या लाखातल्या आठ घटका पकडता. जिना चढून आल्यावर १५८ हा त्या घटकेचा खरा दाब असू शकतो आणि झोपून उठल्यावरचा ११६ सुद्धा. पाय चालत असतात, स्नायूंना जास्त रक्त हवं असतं, म्हणून शरीर दाब वाढवतं. झोपेत ती गरज नसते, म्हणून उतरवतं. जो दाब असा हलतच नाही, त्याचीच मला जास्त काळजी वाटली असती.

तेव्हा प्रश्न थोडा बदलून घेऊ. तुम्ही शांत बसलेल्या असताना, रोज साधारण त्याच वेळी, नीट पद्धतीने मोजल्यावर तुमचा दाब सरासरी किती असतो? औषध द्यायचं की नाही हे ठरवण्यासाठी जे अभ्यास झाले, त्यांत दाब शांत बसवूनच मोजलेला होता. जिन्यावरच्या १५८ची तुलना करायला कोणतंही कोष्टक नाही. त्या आकड्याने तुम्ही घाबरलात, ते साहजिक होतं, पण त्यावरून काहीच ठरत नाही.

आकड्यांचा अर्थ आधी पक्का करते, पुढचं त्यावरच उभं आहे. हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर लोटतं तेव्हा धमन्यांवर सर्वात जास्त ताण येतो, तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं तेव्हाही धमन्यांत जो ताण शिल्लक असतो, तो खालचा. दोन्ही मोजायचे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, म्हणजे तेवढ्या दाबाने पाऱ्याचा स्तंभ किती मिलिमीटर वर चढेल ते. दंडाला पट्टा बांधून मोजण्याची पद्धत इटलीत रीव्हा-रोची यांनी १८९६ साली आणली. कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकण्याची युक्ती रशियातल्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली सांगितली. तुमचं घरचं मशीन मात्र आवाज ऐकत नाही. पट्ट्यातली हवा हळूहळू सुटताना धमनीच्या धडधडीने पट्ट्यात बारीक कंपनं उठतात. मशीन ती टिपतं आणि त्यांवरून गणिताने दोन्ही आकडे काढतं. म्हणून मोजताना हात हलला, मूठ आवळली किंवा हृदयाचे ठोके अनियमित असले, की त्याचं गणित चुकतं.

आता तुमच्या मोजण्याच्या पद्धतीबद्दल. सोफ्यावर बसून, हात मांडीवर ठेवून मोजते, असं तुम्ही लिहिलंय. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण तुमच्या सगळ्या गोंधळाचं एक मोठं उत्तर यात दडलेलं असू शकतं. दंड हृदयाच्या पातळीच्या खाली असला की रक्ताच्या स्वतःच्या वजनाचा दाब त्यात मिळतो आणि आकडा फुगतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२४ साली हेच नेमकं तपासलं. त्याच माणसांचा हात टेबलावर, मांडीवर आणि नुसता बाजूला लोंबता ठेवून त्यांनी मोजणी केली. टेबलाच्या तुलनेत मांडीवर हात ठेवल्यावर वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे सरासरी चारेकने जास्त आले. हात लोंबता ठेवल्यावर वरचा साडेसहाने जास्त आला. चार म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. तुमच्या बाबतीत त्या चारावरच सगळं अडलंय. कसं ते पुढे सांगते.

दुसरी गोष्ट पट्ट्याच्या मापाची. दंडाचा घेर टेपने मोजा, दंडाच्या मधोमध. पट्ट्यावर किंवा माहितीपत्रकात तो किती ते किती सेंटिमीटर घेरासाठी आहे हे छापलेलं असतं. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा वाढीव येतो, तोही थोडाथोडका नाही. ज्यांना सर्वात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला तर वरचा आकडा जवळजवळ वीसने जास्त दिसतो, असं त्याच संस्थेच्या २०२३च्या अभ्यासात आढळलं होतं. एवढ्यावर एखाद्याला नसलेल्या आजाराची गोळी सुरू होऊ शकते. दवाखान्यातसुद्धा ‘माझ्या दंडाला हा पट्टा पुरतो का?’ असं विचारायला अजिबात संकोचू नका.

बाकीचं भराभर सांगते. चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम यांनंतर अर्धा तास मोजू नका. लघवीला जाऊन या, तुंबलेल्या मूत्राशयाने दाब चांगलाच वाढतो. पाठीला टेका असलेल्या खुर्चीत बसा, दोन्ही तळपाय जमिनीवर, पायावर पाय नको. पट्टा उघड्या दंडाला बांधा, बाहीवरून नाही. बाही वर सरकवून ती दंडाला आवळत असेल तर हात बाहेरच काढा. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीला येईल. मग पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे फोन नाही, टीव्ही नाही, घरातल्यांच्या प्रश्नांना उत्तरंही नाहीत. बोलण्याने आकडा किती चढतो हे कळलं तर घरातले त्या पाच मिनिटांत तुमच्याशी बोलायचे नाहीत.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजून बघा. थोडा फरक सगळ्यांनाच असतो. ज्या हाताचा आकडा जास्त येतो तोच हात पुढे कायम धरा. पुन्हा पुन्हा मोजूनही दोन हातांच्या वरच्या आकड्यांत दहापेक्षा जास्त फरक राहिला, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. एखाद्या बाजूची रक्तवाहिनी अरुंद झाल्याचं ते लक्षण असू शकतं.

मग सात दिवस असं करा. सकाळी उठल्यावर तासाभरात, काही खाण्याआधी, दोनदा मोजा, मध्ये एक मिनिट जाऊ द्या. संध्याकाळी किंवा रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा तसंच दोनदा. (आधीच गोळ्या घेणाऱ्या वाचकांनी सकाळचं मोजमाप गोळीच्या आधी करावं.) चारही आकडे जसे येतील तसे लिहा, मनाने काही गाळू नका. आठवडा संपला की पहिला दिवस सोडून द्या, कारण त्या दिवशी नवखेपणाची धाकधूक असते. उरलेल्या सहा दिवसांच्या २४ नोंदींची सरासरी काढा, वरच्यांची वेगळी, खालच्यांची वेगळी. तुम्ही ‘खरा आकडा’ म्हणता त्याच्या सर्वात जवळ जाणारी गोष्ट हीच. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, दोन्हींपैकी एक जरी त्या रेषेवर वा पलीकडे गेला, तर उच्च रक्तदाब आहे असं बहुतेक मार्गदर्शक सूचना मानतात.

दवाखान्यासाठी ही रेषा १४०/९० आणि घरासाठी १३५/८५ का? दवाखान्यात बहुतेकांचा दाब थोडा चढलेला असतो, म्हणून. काहींचा तर एवढा चढतो की तिथे उच्च रक्तदाब दिसतो आणि घरी अगदी नॉर्मल. याच्या उलटही घडतं आणि ते जास्त फसवं. दवाखान्यात सगळं ठीक, पण घरी-कामावर दाब चढलेला. अशांना कोणी गोळी देत नाही आणि इजा आतल्या आत होत राहते. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी एका १५२वर निवाडा न करता घरच्या नोंदी मागितल्या. ‘लगेच गोळी दिली नाही’ या तुमच्या वाक्यात मला थोडी नाराजी जाणवली. माझ्या मते त्यांनी योग्य तेच केलं.

आता तुमची वही. ‘शांत बसून’ असा शेरा असलेल्या नोंदी मी वेगळ्या काढल्या. त्या मोजक्याच आहेत, सरासरी १३६/८७ येते. रेषेच्या जरा वर. पण हात मांडीवर होता. त्यापायी दोन्हींतले चार-चार कमी केले तर १३२/८३, रेषेच्या जरा खाली. अर्थात ते चार हे अनेक माणसांच्या सरासरीतून आलेलं अनुमान आहे, तुमच्या दंडाचा हिशोब नव्हे. म्हणून आज मी तुम्हाला ‘बीपी आहे’ असंही म्हणणार नाही आणि ‘नाही’ असंही. तुम्ही काठावर आहात. काठावरच्या माणसाला मोजण्यातल्या छोट्या चुका सर्वात महागात पडतात. ज्याची सरासरी १७० आहे त्याने हात कुठेही ठेवला तरी निदान बदलत नाही, तुमचं बदलतं.

नवऱ्याच्या म्हणण्याकडे येते. मशीनबद्दल शंका घेणं रास्त आहे, पण त्यांचा पुरावा तोकडा आहे. त्याच मशीनवर त्यांचं १२२/७८ आलं, यावरून झालंच तर ते मशीन प्रत्येकाला जास्त दाखवत नाही एवढं कळतं. मशीन तपासायची सोपी रीत अशी : पुढच्या भेटीला ते सोबत न्या, डॉक्टरांच्या उपकरणाने आणि तुमच्या मशीनने त्याच दंडावर पाठोपाठ दोन-तीनदा मोजून बघा. चार-पाचचा फरक चालतो. दर वेळी दहा-पंधराचा फरक पडला तर मशीन किंवा पट्टा बदला. नवं घेणाऱ्या वाचकांनी दंडाचंच मशीन घ्यावं आणि त्या मॉडेलची अचूकता मान्य पद्धतीने तपासलेली आहे का हे पाहावं. मनगटावरची मशीन हाताच्या जागेबाबत फार हळवी असतात. अंगठीत आणि घड्याळात दिसणाऱ्या बीपीवर निदान किंवा औषध ठरवण्याइतका भरवसा आज ठेवता येत नाही. आणि तुमचे यजमान पन्नाशीच्या आसपास असतील तर त्यांनीही एका आकड्यावर निर्धास्त न होता हाच सात दिवसांचा उपक्रम करावा.

‘पण रेषा नक्की कोणती?’ असा प्रश्न मला बरेच वाचक विचारतात, कारण कुठे १२० वाचायला मिळतं, कुठे १३०, कुठे १४०. जागतिक आरोग्य संघटना दवाखान्यातल्या मोजमापासाठी १४०/९० धरते. अमेरिकेतल्या हृदयरोग संस्थांनी २०१७ साली रेषा १३०/८०वर आणली, म्हणजे काल निरोगी असलेली कितीतरी माणसं एका रात्रीत आजारी ठरली. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२४ साली १४०/९० कायम ठेवलं, पण त्याच्या खालच्या, १२०/७० पासून पुढच्या टप्प्याला ‘वाढीव’ असं वेगळं नाव दिलं. यात कोणी खोटं बोलत नाही. सुमारे दहा लाख प्रौढांची माहिती एकत्र करून २००२ साली झालेल्या अभ्यासात दिसलं, की ४० ते ६९ या वयात ११५/७५ पासून पुढे वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने वाढला, की हृदयविकाराने वा अर्धांगवायूच्या झटक्याने मृत्यू येण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. ही चढण सलग आहे, मध्ये कुठे पायरी नाही. १३९ला सुरक्षित आणि १४०ला धोक्यात, असं शरीरात काही घडत नाही. उपचाराचा फायदा त्याच्या त्रासापेक्षा नक्की जास्त कुठून होतो, याचा अंदाज बांधून माणसांनी ती रेषा मारलेली आहे. म्हणून नुसत्या आकड्यावर थांबायचं नसतं. मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मूत्रपिंडाची स्थिती, वय आणि घराण्याचा इतिहास हे सगळं त्या आकड्याशेजारी मांडून निर्णय घ्यायचा असतो. तुमच्या वडिलांचा झटका तिथे मोजला जातो.

खालच्या आकड्याची भीती कुठून आली, हे जाणून घेण्यासारखं आहे. रक्तदाबावर औषधाने खरोखर फायदा होतो हे पहिल्यांदा ठामपणे दाखवलं ते अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या चाचणीने. तिचे निष्कर्ष १९६७ साली आले आणि तिथे माणसं निवडली होती खालच्या आकड्यावरून, ११५ ते १२९. पुढची बरीच वर्षं डॉक्टरांची नजर खालच्यावरच खिळून राहिली. वरचा आकडा वयाप्रमाणे चढायचाच, ‘शंभर अधिक वय’ चालतं, असं सर्रास सांगितलं जायचं आणि अजूनही घरोघरी सांगितलं जातं. १९९१ साली एका मोठ्या चाचणीने हे खोडून काढलं. साठीपुढच्या, फक्त वरचा आकडा वाढलेल्या माणसांना औषध दिल्यावर अर्धांगवायूच्या झटक्यांचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. वय वाढतं तशा मोठ्या धमन्या ताठर होतात, मग वरचा चढतो आणि खालचा उलट उतरतो. म्हणजे सत्तरीच्या माणसाचं १६५/७० पाहून ‘खालचं छान आहे’ म्हणणं ही घोडचूक आहे. तुमच्या वयाला दोन्ही आकडे बघायचे. ९०च्या वर गेलेला खालचा दुर्लक्ष करण्यासारखा नाहीच, पण त्याला वरच्यापेक्षा जास्त भ्यायचंही कारण नाही.

डोकेदुखी नाही, चक्कर नाही, याचा तुम्हाला मोठा आधार वाटतोय. तो आधार मला काढून घ्यावा लागतोय. उच्च रक्तदाब बहुतेकांना काहीच जाणवू देत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. त्यानंतरही त्यांनी निवडणूक लढवली, जिंकली, महायुद्धाच्या परिषदांना ते गेले. १२ एप्रिल १९४५ रोजी डोक्यात असह्य कळ आली, मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्याच दिवशी ते गेले. त्या दिवशीची नोंद ३००/१९० आहे. त्या काळी डॉक्टरांच्या हाती परिणामकारक औषध जवळपास नव्हतंच. आज आहे. शरीर सांगेल तेव्हा बघू, असं इथे चालत नाही. सांगायचं काम मशीनच करतं.

आता बहिणीचं म्हणणं. तिला तुमची काळजी आहे हे दिसतं आणि तिचं निरीक्षणही चुकीचं नाही : गोळी सुरू झालेले बहुतेक लोक ती वर्षानुवर्षं घेतात. पण गोळीने सवय लागते म्हणून नव्हे. गोळी बंद केली की दाब जिथे जाणारच होता तिथे परत जातो, कारण मूळ प्रवृत्ती कायम असते. वजन उतरलं, मीठ कमी झालं, व्यायाम अंगवळणी पडला म्हणून काहींचा डोस कमी होतो, क्वचित गोळी थांबतेही. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नोंदी बघत. मनाने एकदम बंद करू नये, काही औषधांच्या बाबतीत दाब उसळी मारून वर येतो. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बहिणीला सांगा : वरचा आकडा औषधाने दहाने जरी उतरला तरी झटक्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटतो. वडिलांना ज्याने गाठलं, त्याच्याविरुद्ध हाताशी असलेला सर्वात भक्कम उपाय हाच आहे. गोळी लागली तर त्यात हार कसली? आणि सरासरी रेषेखाली आली तर आज गोळी घ्यायची घाईही नको.

तुमच्या पत्रात एक ओळ जाता जाता आली आहे आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. गुडघ्यासाठी बहुतेक दिवस वेदनाशामक गोळी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांच्या कुळातली औषधं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि दाब वाढवतात. मूत्रपिंडांवरही त्यांचा भार पडतो. तुमची गोळी यांपैकी आहे का, हे वेष्टनावरून बघा आणि ते वेष्टन डॉक्टरांना दाखवा. ती बदलता येते का, लावायचं मलम किंवा व्यायामोपचार पुरतो का, हे त्यांच्याशी बोला. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, स्टेरॉइड, काही गर्भनिरोधक गोळ्या आणि जास्त प्रमाणात घेतलेलं ज्येष्ठमधही दाब वाढवतात. पाळी जाण्याच्या सुमारास अनेकींचा दाब चढू लागतो. आणि घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरातले सांगत असतील, सकाळी उठून ताजंतवानं वाटत नसेल, तर तेही सांगा. झोपेतल्या श्वासाचा हा त्रास रक्तदाबामागचं एक नेहमीचं आणि हमखास दुर्लक्षित राहणारं कारण आहे.

रात्री दोनचं मोजणं मात्र आजपासून बंद करा. झोपेत दाब दिवसापेक्षा दहा ते वीस टक्के उतरतो आणि तो उतरतो का हे कळणं महत्त्वाचं आहे. पण उठून, दिवा लावून, पट्टा बांधून जे मोजलं जातं ते झोपेतलं उरतच नाही. ते हवंच असेल तर चोवीस तास दंडाला बांधून ठेवायचं यंत्र मिळतं, ते दर अर्ध्या तासाने आपोआप मोजतं. तुमची आठवड्याची सरासरी पुन्हा काठावरच आली तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा, तुमच्यासारख्यांसाठी ते फार उपयोगी पडतं. दिवसाचं आठ वेळा मोजणंही थांबवा. जास्त आकडा आला की भीती, भीतीने पुढचा आणखी जास्त, की पुन्हा मोजणं. या फेऱ्यात तुम्ही अडकला आहात हे वहीतल्या मंगळवारच्या पानावर स्वच्छ दिसतं : पंधरा मिनिटांत चार नोंदी, १४२, १४६, १५१, १५३. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, नंतर डॉक्टर सांगतील तेव्हाच. मधल्या वेळात मशीन कपाटात.

याला अपवाद एकच. कधी १८०/१२० किंवा त्यापुढचा आकडा दिसला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. सोबत छातीत दुखणं, धाप, अंगाच्या एका बाजूचा जोर जाणं, बोलणं अडखळणं, दृष्टी अंधूक होणं, गोंधळल्यासारखं होणं, यांतलं काहीही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. (ही लक्षणं आकडा कमी असतानाही तितकीच गंभीर असतात.) लक्षण काहीच नसेल आणि आकडा तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. घरात कुणाची तरी गोळी पडलेली असते, ती जिभेखाली ठेवून आकडा झपकन खाली आणायचा प्रयत्न अजिबात करू नये. दाब एकदम कोसळला तर मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं, त्यातून झटका येऊ शकतो.

या आठवडाभरात जेवणातलं मीठ कमी करायला सुरुवात केलीत तरी चालेल. प्रौढाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराच्या आत, तयार पदार्थांतलं धरून. गुडघा सोसेल तेवढं चालणं, किंवा पाण्यातला व्यायाम, आठवड्याला मिळून अडीच तास. वजन जास्त असेल तर किलोमागे साधारण एकाने दाब उतरतो. काठावरच्या माणसाला एवढ्याने रेषेच्या अलीकडे येता येतं. पण वेदनाशामक आणि मोजण्याची पद्धत यांचा उलगडा आधी करा, नाहीतर कशाने फरक पडला हे कुणालाच कळणार नाही.

भेटीला जाताना वही, मशीन, पट्टा आणि घेत असलेल्या प्रत्येक औषधाचं वेष्टन एका पिशवीत घाला. सरासरी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, डॉक्टरांना २४ नोंदी चाळायला वेळ मिळेलच असं नाही. उभं राहिल्यावरचा दाबही एकदा मोजायला सांगा, पुढे गोळी सुरू झालीच तर तो आधी माहीत असलेला बरा. आणि हे विचारा : माझ्या एकूण धोक्याचा हिशोब काय होतो? लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी), पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी यांपैकी काय राहिलं आहे? गोळी नको ठरली तर पुन्हा कधी मोजायचं, आणि हवी ठरली तर आपल्याला कोणत्या आकड्यापर्यंत उतरायचं आहे? वडिलांचा झटका रक्त साकळून आला होता की रक्तस्रावाने, हे जुन्या कागदांत सापडलं तर ते कागदही सोबत न्या.